आत ‘भिंत’ लागते म्हणून छेद घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोपरखैरण्यात राहणारं जोडपं, बायको २८ वर्षांची, नवरा ३१ चा, लग्नाला १६ महिने झालेत. शरीरसंबंध एकदाही पूर्ण झालेला नाही. प्रयत्न केला की आत भिंत लागल्यासारखं होतं, मांड्या आपोआप मिटतात, जळजळतं आणि दोघंही थांबतात. पाळी ३० दिवसांनी, नियमित. मेन्स्ट्रुअल कप घालून पाहिला, तोही गेला नाही. एका डॉक्टरांनी ‘मार्ग लहान आहे, छोटा छेद घेऊ’ असं सांगितलं. दुसरीकडे ‘थेट आययूआय (नळीने वीर्य गर्भाशयात सोडणं) करून टाका’ असा सल्ला मिळाला. घरात गोड बातमीची विचारणा सुरू झाली आहे. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ऑपरेशन करावं का, आणि मला मूल होईल ना?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्याने उडाली आहे. तुम्ही लिहिलंय त्यात वंध्यत्वाची एकही खूण नाही. पस्तिशीच्या आतल्या जोडप्याने १२ महिने नियमित, कोणतंही साधन न वापरता संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर वंध्यत्वाच्या तपासण्यांकडे वळतात. तुमचे ते १२ महिने अजून सुरूच झालेले नाहीत. स्त्रीबीज आणि शुक्राणूंची गाठच पडलेली नसताना ‘दिवस का राहत नाहीत’ हा प्रश्न निघतो कुठून? तेव्हा एएमएच (अंडाशयातल्या बीजसाठ्याची रक्ततपासणी), बीजवाहक नळ्यांची तपासणी, ट्रान्सव्हजायनल म्हणजे योनीतून करायची सोनोग्राफी ही यादी तूर्त बाजूला ठेवा.

आता छेद. तुमच्या वर्णनावरून माझा कल स्पष्ट आहे: हे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं आखडणं आहे, म्हणजे व्हजायनिस्मस, आणि त्यावर छेद हा इलाज नाही. तपासल्याशिवाय कुणीही शंभर टक्के सांगू नये, मीही सांगत नाही. पण माझा कल असा का, ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या डॉक्टरांशी बोलताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

योनीमार्ग ही सताड उघडी नळी असते असा समज आहे. प्रत्यक्षात ती उशीच्या रिकाम्या खोळीसारखी असते. पुढची आणि मागची बाजू एकमेकींना टेकलेल्या, काही आत आलं की तेवढ्यापुरत्या दूर होणाऱ्या. एरवी लांबी साधारण ७ ते १० सेंटिमीटर. उत्तेजना आली की आतला भाग लांबतो, रुंदावतो, ओलावा सुटतो. याच मार्गातून बाळाचं साडेनऊ सेंटिमीटर व्यासाचं डोकं बाहेर येतं. ताठर शिश्नाचा व्यास सरासरी पावणेचार सेंटिमीटरच्या आसपास. त्यामुळे ज्या बाईची शरीररचना नेहमीची आहे आणि पाळी व्यवस्थित येते, तिचा मार्ग ‘लहान’ असणं जवळजवळ होतच नाही.

भिंत कुठे लागते ते पाहा. योनीमुखापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, बरोबर ना? तिथेच त्या स्नायूंची झोळी आहे. पुढे जघनाच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत बांधलेली ही झोळी गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशयाला खालून तोलून धरते. तिच्यातून लघवी, योनी आणि शौचाचे मार्ग बाहेर पडतात. लघवी किंवा गॅस रोखताना आपण हेच स्नायू आवळतो. दुखणार अशी भीती मेंदूत बसली की ते हुकूम न देताही आवळले जातात. ठाण्याला गाडी फलाटात शिरते तेव्हा लेडीज डब्याच्या दारातल्या बाईचे खांदे धक्का बसायच्या आधीच आवळलेले असतात, तसंच हे. मुद्दाम केलेलं नसतं आणि ‘मनाची तयारी कर’ म्हटल्याने थांबतही नाही.

तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोलाचा तपशील मेन्स्ट्रुअल कपचा आहे. तिथे नवरा नव्हता, घाई नव्हती, कुणी बाहेर वाट पाहत नव्हतं. तरीही गेला नाही. म्हणजे नवऱ्याचं चुकतंय, किंवा तुम्हाला तो आवडत नाही, ही दोन्ही स्पष्टीकरणं लंगडी पडतात. मांड्या आपोआप मिटणं ही दुसरी खूण. आणि प्रयत्न थांबवला की थोड्या वेळात दुखणं पूर्ण जातं, एरवी खाज नाही, अंगावरून वास येणारं जात नाही, बसताना जळजळ नाही, असं असेल तर माझा कल आणखी पक्का होतो. या चार गोष्टी तुम्ही लिहिलेल्या नाहीत. त्या स्वतःशी तपासून पाहा.

छेदाची कल्पना नवीन नाही. १८६० च्या दशकात जेम्स मॅरियन सिम्स या अमेरिकन शल्यविशारदाने या त्रासाला व्हजायनिस्मस हे नाव दिलं, आणि त्याचा इलाज हाच होता: पटल काढा, छेद घ्या, मग काचेचे डायलेटर, म्हणजे योनीमार्गाला सवय लावायच्या नळ्या, वापरा. त्यातलं कामाचं काय होतं, याचं उत्तर आता आपल्याकडे आहे. डायलेटर. छेद घेतल्याने स्नायूची सवय सुटत नाही. उलट योनीमुखावर व्रण राहू शकतो, आणि व्रणाची जागा ताणली की खरोखर दुखते. मग आधी नुसती भीती होती, तिला आता कारणही मिळतं. २०१३ पासून डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात वेदना, भीती आणि आखडणं यांचं एकच निदान केलं आहे, कारण ओपीडीत ही तिन्ही वेगळी काढता येत नाहीत. भीतीने आखडतं, आखडल्याने दुखतं, दुखल्याने भीती वाढते.

पटलाविषयी दोन ओळी, कारण ‘पटल जाड आहे’ हेही बऱ्याच जणींना सांगितलेलं असतं. योनिपटल हा योनीमुखाशी असलेला अंगठीसारखा किंवा चंद्रकोरीसारखा मऊ पडदा. त्याला मुळातच वाट असते, नाहीतर पाळी बाहेर आली नसती. तो ‘फुटत’ नाही, ताणला जातो, कधी थोडा चिरतो. काहींना थोडं रक्त येतं, अनेकींना येत नाही. त्यावरून कुणाच्या पूर्वायुष्याबद्दल काहीही कळत नाही. बलात्काराच्या प्रकरणांत दोन बोटांची चाचणी करायची नाही, तिला शास्त्रीय आधार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये पुन्हा बजावावं लागलं, यावरून हा गैरसमज किती चिवट आहे ते दिसतं.

छेद खरोखर लागतो अशा अवस्था आहेत, पण त्या ओळखू येतात. पटलाला वाटच नसेल तर पाळी बाहेर येत नाही, दर महिन्याला नुसतं पोट दुखतं. पटलात मधोमध उभी पट्टी असेल तर एका बाजूने बोट जातं आणि पट्टी बोटाला लागते. योनीत आडवा पडदा असेल तर काही सेंटिमीटर विनात्रास जाऊन मग वाट बंद होते. या तिन्हींत शस्त्रक्रिया योग्य आहे. याशिवाय योनीमुखाची त्वचा हुळहुळी होणं, जुनाट बुरशीसंसर्ग, त्वचा पांढुरकी व पातळ होणारा लायकेन स्क्लेरोसस, यांवर आधी त्वचेचा इलाज करावा लागतो. संबंध आत होतो पण खोलवर दुखतं, पाळीतही असह्य दुखतं, तर एंडोमेट्रिओसिसचा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याचा) विचार करतात. तो तुमचा प्रकार दिसत नाही.

म्हणून एकदा तपासणी हवी. ती कशी व्हावी हेही सांगते, कारण वाईट तपासणीने महिन्याभराचं काम मागे जातं. पहिल्या भेटीत स्पेक्युलम, म्हणजे योनी उघडून आत पाहायचं उपकरण, लागत नाही. तुम्ही टेकून अर्धवट बसता, हातात आरसा धरता, डॉक्टर कापसाच्या काडीने योनीमुखाभोवती घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे हलकेच स्पर्श करतात आणि कुठे दुखतं ते विचारतात. फक्त ४ ते ८ च्या पट्ट्यात चटका बसत असेल तर त्वचेचा किंवा तिथल्या नसांचा भाग आहे. मग एक बोट, तेही तुम्ही ‘हो’ म्हटल्यावर, आणि ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. समजावून सांगितल्यावर स्नायू सैल होतात, की कंबर वर उचलली जाते, की रुग्ण टेबलावर मागे सरकते, यावरून तीव्रता ठरते. टेबलावर मागे सरकलात म्हणून लाजू नका. डॉक्टरांना माहिती हवी असते, ती मिळाली.

आता मुख्य काम. याचा पहिला नियम घरी सगळ्यांत अवघड वाटतो: सराव चालू असेपर्यंत संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद. ‘बघू या, आज जमतंय का’ हेसुद्धा नाही. प्रत्येक फसलेला प्रयत्न मेंदूला एकच धडा पुन्हा शिकवतो की इथे दुखतं. बंदी दोघांनी बोलून, उघडपणे ठरवायची. जवळीक, स्पर्श, मिठी, बाकी सगळं सुरू ठेवा. किंबहुना आता त्यातून ‘पुढे काय होणार’ ही धास्ती गेलेली असते, म्हणून ते जास्त निवांत होतं.

पहिले दोन-तीन दिवस फक्त पाहायचं. आंघोळीनंतर, दिवसाउजेडी, हातआरसा घेऊन. बाहेरचे ओठ बाजूला केले की आतले पातळ ओठ दिसतात. ते वर जिथे मिळतात तिथे शिश्निका (क्लिटोरिस). तिच्या खाली लघवीचं अगदी बारीक छिद्र, आणि त्याच्या खाली योनीमुख. मग तीन-चार सेंटिमीटर त्वचा, मग गुदद्वार. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांनाही लघवीचं आणि योनीचं द्वार वेगळं असतं हे पक्कं माहीत नसतं. हे सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. बरेच प्रयत्न फसतात ते शिश्न योनीमुखाच्या वर, लघवीच्या छिद्रावर किंवा हाडावर दाबलं गेल्यामुळे. तिथे भिंत लागणारच, आणि नंतर लघवीला जळजळतंही.

दिशा हा दुसरा घोटाळा. योनीमार्ग पोटाकडे सरळ वर जात नाही. उताणं झोपलं असता तो तिरका, गादीच्या आणि माकडहाडाच्या दिशेने जातो. कप घालताना तुम्ही तो बेंबीच्या रोखाने ढकलला असेल तर तो पुढच्या भिंतीवर अडला असणार.

पुढचा आठवडा स्नायू ओळखण्यासाठी. गॅस रोखल्यासारखं ३ सेकंद हलकेच आवळा आणि मग ८ ते १० सेकंद सोडून द्या. असं ८-१० वेळा. इथे एक इशारा. इंटरनेटवर सगळीकडे कीगल (हे स्नायू आवळण्याचा व्यायाम) करा, कीगल करा असं दिसेल. तुमचे स्नायू ढिले नाहीत, ताठलेले आहेत. त्यांना आणखी आवळायला शिकवलं तर त्रास वाढेल. आवळायचं ते फक्त ‘सोडणं’ कसं असतं हे कळावं म्हणून. सोडताना लघवी सुरू होण्याच्या क्षणी जसं वाटतं तसं, खाली अगदी हलकं सैलसर जाणवलं पाहिजे. सोबत श्वास: नाकाने ४ मोजेपर्यंत आत, पोट फुगू द्यायचं, ६ मोजेपर्यंत बाहेर. बद्धकोणासन, बालासन, आणि टाचा टेकवून उकिडवं बसणं रोज दोन-दोन मिनिटं. बद्धकोष्ठ असेल तर तेही आधी निस्तरा. कुंथण्याने आणि तासन्‌तास लघवी धरून ठेवण्याने हेच स्नायू ताठतात, आणि ट्रान्स-हार्बरची लोकल, मग सेंट्रलची, मग ऑफिस असा प्रवास करणाऱ्या बायका सकाळी सातला निघून दुपारपर्यंत स्वच्छतागृह टाळतात. पाणी पिणंच कमी करतात. ती सवय मोडा.

मग बोट. नखं अगदी बारीक कापा, हात साबणाने धुवा. पाठीला दोन उशा, गुडघे वाकवून बाहेरच्या बाजूला सैल सोडलेले, गुडघ्यांखालीही उशी घेतली तर मांड्यांना पेलावं लागत नाही. केमिस्टकडे मिळणारं पाण्यात विरघळणारं जेल चमचाभर, कंजूषपणा न करता. खोबरेल तेल चालतं, पण कंडोम वापरणार असाल तेव्हा नाही, तेलाने लेटेक्स विरतं. व्हॅसलीन नको, सुगंधी तेलं नकोत, डेटॉल तर अजिबात नको.

पहिल्या दिवशी करंगळीचं टोक फक्त योनीमुखावर टेकवून ठेवा. आत काही जाणार नाही आहे. पाच मिनिटं श्वास. शरीर सैल पडलं की श्वास सोडताना, खाली अगदी हलका जोर देत, टोक माकडहाडाच्या दिशेने नखाएवढं आत. थांबा. ढकलायचं नाही, तिथेच ठेवायचं. आवळ जाणवली तर बोट काढू नका आणि पुढेही नेऊ नका, ती आपोआप ओसरेपर्यंत थांबा. बहुधा अर्ध्या-एक मिनिटात ओसरते. सगळ्या सरावाचा गाभा या अर्ध्या मिनिटात आहे. आत काहीतरी असताना दुखणं कमी होतंय, हा अनुभव मेंदूने पूर्वी कधी घेतलेलाच नसतो. घाबरून बोट झटकन काढलं तर तो जुनाच धडा पाठ करतो.

रोज १० ते १५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. करंगळी पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या, मग पूर्ण. मग तर्जनी, मग दोन बोटं. दोन बोटांऐवजी डायलेटरचा संच घेतलात तर सोपं पडतं, मनगट वाकडं करावं लागत नाही. चार ते सहा नळ्यांचा, सिलिकॉनचा किंवा कडक प्लास्टिकचा संच ऑनलाइन मिळतो. सर्वांत बारीक नळी करंगळीएवढी, सर्वांत जाड साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. साबण-पाण्याने धुऊन, कोरडी करून कापडी पिशवीत ठेवायची. पुढच्या मापाला कधी जायचं? वेदनेला १० पैकी गुण द्या. सलग तीन दिवस ३ पेक्षा कमी राहिले तर पुढे. ताण जाणवणं ठीक आहे. चिरल्यासारखी तीव्र जळजळ होत असेल तर जेल वाढवा, दिशा तपासा, तरीही राहिली तर मागच्या मापाला या. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तरी चालते. लघवीला जळजळ किंवा खाज असेल तर आधी तिचा इलाज.

एकूण वेळ? दीड महिन्यापासून चार महिन्यांपर्यंत, असं धरून चाला. मुलाचं दडपण नसेल तर कधी सहा आठवड्यांतही होतं. लहानपणचा नकोसा स्पर्श, जबरदस्ती, किंवा घरात सततचा तणाव असेल तर नुसत्या डायलेटरने भागत नाही. तिथे समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ सोबत हवेत, आणि वेळ जास्त लागतो. नीट सराव करूनही करंगळीच्या पुढे जात नसेल, तर ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत, आणि अगदी अडलेल्या केसमध्ये भूल देऊन स्नायूंत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन देतात. तेही दिलं तरी डायलेटर चुकत नाही.

बधिर करणाऱ्या जेलबद्दल हमखास विचारतात. लिग्नोकेन लावून संबंध ‘उरकता’ येतो का? त्वचेची जळजळ हा मुख्य भाग असेल तर डॉक्टर ते मोजून वापरायला देतात. स्नायू आखडण्यावर त्याचा उपयोग थोडा, नवरा मात्र बधिर होतो आणि नवीन अडचण उभी राहते. दारूचा घोटही याच कारणासाठी सुचवला जातो. नको.

नवऱ्याचं काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सुरू होतं, तेही तुमच्या हाताने. त्याचं मनगट तुम्ही धरायचं, त्याचं बोट तुम्ही न्यायचं, किती आणि किती वेळ हे तुम्ही ठरवायचं. त्याने स्वतःहून बोट हलवायचं नाही. दिवसाच्या शेवटी ‘आज कुठलं माप झालं?’ असं प्रगतिपुस्तक मागायचं नाही. आणि त्याचीही तपासणी व्हावी. १६ महिन्यांच्या फसलेल्या प्रयत्नांनंतर अनेक पुरुषांना ऐन वेळी ताठरता राहत नाही. बऱ्याचदा ही दुसऱ्याच्या भीतीची सावली असते, पण मधुमेह, रक्तदाब किंवा शिश्नाची त्वचा मागे न सरकणं हेही पाहायला हवं. सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी केमिस्टकडून परस्पर आणू नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याला ते जिवावर बेतू शकतं. स्टेशनबाहेरच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ अशी पत्रकं चिकटवलेली असतात, तिकडे तर वळूच नका.

सर्वांत मोठं माप दहा मिनिटं निवांत राहू लागलं की मग संबंध. त्या दिवशी आधी तेच माप १० मिनिटं ठेवा, काढा, जेल दोघांनाही, आणि तुम्ही वर. या स्थितीत खोली आणि वेग तुमच्या हातात राहतो. शिश्न हातात धरून तुम्हीच माकडहाडाच्या दिशेने टेकवायचं, फक्त टोक, आणि हालचाल न करता दोन-तीन मिनिटं थांबायचं. पहिल्या दिवशी एवढंच. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पूर्ण, तरीही स्थिर. हालचाल त्यानंतर. हा दिवस स्त्रीबीज सुटण्याच्या दिवशी मुद्दाम ठेवू नका, ‘आज झालंच पाहिजे’ हे ओझं तिथे नको.

फसतं कुठे, तर बहुतेक वेळा तिसऱ्या मापावर. दोन मापं पटकन होतात, आत्मविश्वास येतो, मग एक उडी मारून संबंधाचा प्रयत्न होतो आणि सगळं पुन्हा आखडतं. दुसरी जागा म्हणजे घर. वन बीएचकेमध्ये सासू-सासरे हॉलमध्ये, कडी लावली की आवाज होतो, म्हणून सराव बाथरूममध्ये उभ्याने, नळ सोडून, तीन मिनिटांत उरकला जातो. उभ्याने स्नायू काम करतच असतात, सैल पडणारच नाहीत. रविवारची एक दुपार आणि आठवड्यात चार रात्री, दार बंद असलेले वीस मिनिटं, एवढी सोय नवऱ्याने करायची. त्यासाठी आईशी काय बोलायचं ते त्याने बोलायचं. आणि पंधरा दिवसांचा खंड पडला तर मोठ्या मापाने पुन्हा सुरुवात करू नका, एक माप खालून करा.

आता मुलाकडे. तुम्ही २८ च्या आहात, तीन-चार महिने सरावाला देणं परवडणारं आहे. आययूआयला माझा विरोध दोन कारणांनी. एक, गरज नाही. दोन, त्यासाठी स्पेक्युलम घालावं लागतं, गर्भाशयमुखातून बारीक नळी न्यावी लागते आणि फॉलिकलचा (अंडाशयातल्या बीजाच्या पिशवीचा) माग बऱ्याचदा ट्रान्सव्हजायनल सोनोग्राफीनेच घेतात. ज्या बाईला कप जात नाही तिला हे महिन्यातून चार वेळा करायला लावायचं? आखडणं आणखी घट्ट होतं.

पस्तिशी ओलांडलेली असती किंवा अंडाशयाचा साठा कमी असता, तर सराव चालू ठेवून घरच्या घरी प्रयत्न करायला सांगितलं असतं. तुम्हालाही हवं तर करता येईल, धोका नगण्य आहे. स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी सुटतं. तुमची पाळी ३० दिवसांची, म्हणजे १६ वा दिवस. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज मात्र १२ ते २४ तास. त्यामुळे ११ व्या ते १६ व्या दिवसादरम्यान दिवसाआड. वीर्य लघवी-तपासणीच्या निर्जंतुक डबीत घ्या. कंडोममध्ये नको, त्यातली रसायनं शुक्राणूंना मारक असू शकतात. २० ते ३० मिनिटांत ते पातळ होतं. ५ मिलिची, सुई नसलेली नवी सिरिंज घ्या, त्यात ओढा, हवेचा बुडबुडा आधी बाहेर काढा, आणि टोक दोन-तीन सेंटिमीटर आत नेऊन सावकाश सोडा. तासाभराच्या आत. या वेळी थुंकी नको आणि नेहमीचं जेलही नको, बहुतेक जेल शुक्राणूंची गती मंदावतात. टोकाला वीर्याचाच ओलावा पुरतो. नंतर थोडं बाहेर ओघळलं तर वाया गेलं असं समजू नका. मुलाचा विचार पक्का असेल तर फोलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, आतापासूनच.

एक भ्रम दूर करते: बाळ झालं की हे आपोआप जातं असं नाही. दिवस राहिले तरी सराव चालू ठेवता येतो, रक्तस्राव किंवा वार खाली असणं अशी अडचण नसेल तर. गरोदरपणात सुरुवातीची सोनोग्राफी मूत्राशय भरून पोटावरून करा म्हणून सांगता येतं. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत चित्र थोडं धूसर येतं, म्हणून कधी आठवडाभर थांबावं लागतं. केवळ व्हजायनिस्मस आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. प्रसूतीचा मार्ग अरुंद नाहीच. अडचण येते ती कळा सुरू असताना दर काही तासांनी होणाऱ्या आतल्या तपासणीची. ते आधीच फाइलवर ठळक लिहून घ्यायचं, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरांना नव्याने सांगत बसावं लागत नाही. तपासणी कमीत कमी, एकाच व्यक्तीकडून, सांगून. एपिड्युरलची (कळा कमी करण्यासाठी पाठीतून देण्याच्या भुलीची) सोय असेल तर त्याचाही उपयोग होतो.

नवी मुंबईत आणि ठाण्यात चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना तोटा नाही, पण दहा मिनिटांच्या अपॉइंटमेंटमध्ये ही तपासणी बसत नाही. फोनवरच विचारा: ‘लग्नानंतर संबंध झालेला नाही, व्हजायनिस्मसची शंका आहे, डॉक्टर डायलेटरचा सराव शिकवतात का, आणि पहिल्या भेटीत अर्धा तास मिळेल का?’ समोरून ‘ते काय असतं?’ असं आलं तर पुढचा नंबर फिरवा. भेटीला दोघं जा, पण सुरुवातीची दहा मिनिटं डॉक्टरांशी एकट्याने बोला. नवऱ्यासमोर किंवा सासूसमोर न सांगता येण्यासारखं काही असेल तर तेव्हाच निघतं. आणि कुणी छेद सुचवलाच, तर कागदावर लिहून मागा: नेमकं काय आढळलं, पट्टी, पडदा की आणखी काही, आणि योनीमुखापासून किती सेंटिमीटरवर. सापडलेलं असेल तर हे एका ओळीत लिहून देता येतं.